शिबिरातले ताई-दादा घडवताना

एप्रिल महिना उजाडला, की शहरांतील वर्तमानपत्रांच्या पानांवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. चित्रकला, नाट्य, पोहणे, गिर्यारोहण, व्यक्तिमत्त्व विकास अशी नाना प्रकारची शिबिरे असतात. पालक शुल्क पाहतात, अंतर पाहतात, जेवणाखाण्याची सोय विचारतात. मात्र एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. दिवसभर आपल्या मुलासोबत प्रत्यक्ष असणार कोण? शिबिराचे संचालक उद्‌घाटनाला आणि समारोपाला भेटतात. मधल्या सगळ्या काळात मुलांना खेळवणारे, त्यांची भांडणे सोडवणारे आणि रात्री घरच्या आठवणीने रडणाऱ्याची समजूत घालणारे असतात ते शिबिरातले ताई-दादा. त्यांतील कित्येक जण स्वतःच पंधरा-सोळा वर्षांचे असतात.

इंग्रजीत यांना 'कॅम्प कौन्सेलर' म्हणतात. त्याचे 'समुपदेशक' असे शब्दशः भाषांतर केले, तर अर्थाचा अनर्थ होतो. मराठीने 'ताई' आणि 'दादा' हे नेमके शब्द या कामासाठी केव्हाच स्वीकारले आहेत. शिक्षकापेक्षा जवळचे आणि मित्रापेक्षा जबाबदार असे हे नाते आहे. परंतु कोणालाही ताई म्हटल्याने ती ताई होत नाही. त्यासाठी शिकावे लागते, शिकवावे लागते. हे प्रशिक्षण कसे असावे, याचा विचार येथे बीड जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. कारण उन्हाळ्याच्या सुटीचा आणि लहान वयातील जबाबदारीचा अर्थ या जिल्ह्यात शहरांहून फार वेगळा आहे.

सुटी नव्हे, परतीचा हंगाम

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील गावे रिकामी होऊ लागतात. बालाघाटाच्या डोंगररांगांतील कोरडवाहू शेतीवर वर्षाचे पोट भरत नाही. म्हणून मुकादमाकडून उचल घेऊन लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', असा तेथील हिशेब. ही माणसे परततात ती साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये.

आई-वडील पहाटे फडात गेले, की कोपीवर मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांना सांभाळणारी कोणी दहा-बारा वर्षांची मुलगी असते. तीच पाणी आणते, भाकरी थापते, तान्ह्याला झोपवते. जी मुले गावी राहतात, ती आजी-आजोबांकडे किंवा शासनाच्या हंगामी वसतिगृहांत राहतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजनाही २०२१ मध्ये जाहीर झाली. आर्वी (ता. शिरूर कासार) येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी उभा केलेला 'शांतिवन' प्रकल्प अशाच मुलांच्या शिक्षणासाठी आहे.

येथे शहरी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्या-मुंबईतील पंधरा वर्षांच्या मुलाला 'लहान मुलांची जबाबदारी घे' असे प्रशिक्षणात प्रथमच सांगितले जाते. बीडमधील त्याच वयाच्या कित्येक मुलामुलींनी ती जबाबदारी कोणी न विचारताच पेललेली असते. त्यांच्याकडे अनुभव आहे, पण त्याला कोणी कौशल्य म्हटलेले नाही. ते ओझे म्हणूनच वाट्याला आलेले आहे. त्यामुळे बीडमधील प्रशिक्षणाचे काम दुहेरी आहे. असलेल्या अनुभवाला शिस्त आणि प्रतिष्ठा द्यायची, आणि त्याच वेळी या मुलांचे हरवलेले बालपणही थोडे परत द्यायचे.

मोठ्यांनी लहानांना घडवण्याची परंपरा

थोड्या मोठ्या मुलांनी लहानांचे नेतृत्व करावे, ही कल्पना परकी नाही आणि नवीही नाही. अमेरिकेत १८६१ मध्ये फ्रेडरिक गन या शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांना सुमारे ४० मैल पायी चालवत समुद्रकिनारी नेले आणि तेथे दोन आठवडे मुक्काम केला. तेथील उन्हाळी शिबिरांची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर जे शिबिर घेतले, त्यात सुमारे वीस मुलांच्या चार तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीचे नेतृत्व एका मोठ्या मुलाकडे सोपवले. पुढे जगभर पसरलेल्या स्काउट चळवळीचा पाया या छोट्या तुकडीच्या पद्धतीतच आहे.

महाराष्ट्रात हेच काम राष्ट्र सेवा दलाने केले. ४ जून १९४१ रोजी पुनर्घटित झालेल्या सेवा दलाच्या शाखांमध्ये किशोरवयीन मुलेच लहानांचे खेळ, गाणी आणि कवायत घेत. शाखा चालवता चालवता त्यांचे स्वतःचे शिक्षण होत असे. साने गुरुजींच्या निधनानंतर १९५१ मध्ये प्रकाशभाई मोहाडीकर यांनी सुरू केलेल्या साने गुरुजी कथामालेने गोष्ट सांगणाऱ्यांची एक फळीच निर्माण केली. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने तरुणांच्या अनेक पिढ्यांना भर मे महिन्यात घाम गाळायला शिकवले. अंबाजोगाई येथे १९८२ मध्ये 'मानवलोक' संस्था उभी करणारे डॉ. द्वारकादास लोहिया आणि शैला लोहिया हे दांपत्यही सेवा दलाच्या संस्कारातून आलेले. शिबिरात घडलेली माणसे पुढे समाजात काय करू शकतात, हे बीड जिल्ह्याने पाहिले आहे.

निवड कोणाची करावी?

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकालापर्यंत मुलांच्या हाती मोकळा वेळ असतो. एप्रिलमध्ये पाच-सहा दिवसांचे प्रशिक्षण आणि मे महिन्यात शिबिर, हा क्रम त्यांना सोयीचा पडतो. निवड करताना वर्गात पहिला येणारा किंवा भाषण ठोकणारा मुलगाच घ्यावा, असा मोह होतो. तो टाळावा. निवडीसाठी आलेल्या मुलांना लहानांसोबत तासभर नुसते सोडून द्यावे आणि पाहावे. खेळाबाहेर एकट्या बसलेल्या मुलाकडे कोण जाते? हरलेल्याची चेष्टा कोण करते आणि कोण थांबवते? नंतर मैदान आवरायला कोण थांबते? याची उत्तरे कोणत्याही मुलाखतीपेक्षा अधिक खरी असतात.

वयाचे आणि संख्येचे भान मात्र काटेकोर हवे. अमेरिकन कॅम्प असोसिएशन या संघटनेच्या निकषांनुसार निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षे वयाच्या दर सहा मुलांमागे, तर ९ ते १४ वर्षे वयाच्या दर आठ मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती असावी लागते. या व्यक्तींपैकी बहुतांश १८ वर्षांवरील असाव्यात आणि प्रत्येक जण मुलांपेक्षा किमान दोन वर्षांनी मोठा असावा, अशीही तेथे अपेक्षा असते. आपल्याकडे हा निकष बंधनकारक नाही, पण हिशेबाला उपयोगी आहे. चाळीस मुलांच्या शिबिरात आठ-आठांचे पाच गट करावेत. प्रत्येक गटावर एक प्रौढ व्यक्ती असावी आणि तिच्या जोडीला एक किशोरवयीन ताई किंवा दादा. प्रौढांची संख्या कमी करण्यासाठी किशोरांना उभे करणे, ही या कल्पनेची थट्टा होईल.

खेळ घेणे ही कला

प्रशिक्षणाचा पहिला धडा मुलांना ओळखण्याचा. सहा-सात वर्षांच्या मुलाचे लक्ष एका खेळात फार वेळ टिकत नाही. त्याला नियम सांगण्यापेक्षा करून दाखवावे लागते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला न्याय हवा असतो, 'तो बाद होता' यावर तो तासभर वाद घालू शकतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सर्वांसमोर अपमान सहन होत नाही. एकच चूक तिघांनी केली, तरी तिघांशी बोलण्याची रीत वेगळी असायला हवी.

दुसरा धडा खेळ घेण्याचा. लगोरी, लंगडी, विटीदांडू, आट्यापाट्या, खो-खो हे खेळ गावातील मुलांना येतातच. पण खेळता येणे वेगळे आणि खेळवता येणे वेगळे. सूचना द्यायच्या आधी मुलांना गोलात उभे करावे. सूर्य ताईच्या तोंडावर असावा, मुलांच्या नव्हे. नियम चार वाक्यांत सांगावेत, एकदा खेळून दाखवावे आणि लगेच सुरुवात करावी. खेळ कंटाळवाणा होण्याआधी, रंगात असतानाच थांबवावा. बाद झालेले मूल पुढचा अर्धा तास कडेला बसून राहील असे खेळ टाळावेत, किंवा बाद झालेल्याला पंचाचे काम द्यावे.

तिसरा धडा शिस्तीचा. येथे सर्वांत अधिक मेहनत लागते. ज्या मुलांनी घरात आणि शाळेत शिस्त म्हणजे चापट असेच पाहिले, ती हाती अधिकार येताच तेच करतात. म्हणून प्रशिक्षणात प्रसंग रचून सराव घ्यावा. एकाने हट्टी मुलगा व्हायचे, दुसऱ्याने दादा व्हायचे आणि बाकीच्यांनी निरीक्षण करायचे. मुलाच्या उंचीवर खाली बसून बोलणे, आवाज चढवण्याऐवजी उतरवणे, 'तू वाईट आहेस' ऐवजी 'ही गोष्ट चालणार नाही' असे म्हणणे, या गोष्टी व्याख्यानाने येत नाहीत, दहा वेळा केल्याने येतात.

घरची आठवण हाही सरावाचाच विषय. पहिल्या रात्री रडणाऱ्या मुलाला 'मोठा झालास की, रडतोस काय' असे म्हणू नये. आठवण येणे साहजिक आहे, हे मान्य करावे, जवळ बसावे आणि सकाळी त्याला एखादे छोटे काम सोपवावे. ज्या मुलाचे आई-वडील सहा महिन्यांनी नुकतेच परतले आहेत, त्याला पुन्हा चार दिवस दूर ठेवावे का, हा प्रश्न आयोजकांनीही स्वतःला विचारावा. अशा गावांत निवासी शिबिरापेक्षा सकाळ-संध्याकाळचे गावातलेच शिबिर अधिक योग्य ठरते.

ऊन, पाणी आणि विंचू-काटा

मे महिन्यात बीड जिल्ह्याचा पारा चाळीस अंशांपुढे जाणे नेहमीचेच. त्यामुळे मैदानी खेळ सकाळी साडेदहापूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतरच घ्यावेत. मधला वेळ गोष्टी, हस्तकला आणि विश्रांतीचा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचे प्रमाण प्रत्येक ताई-दादाला पाठ हवे. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, चालताना तोल जाणारा मुलगा दिसला, की तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

विहिरी आणि शेततळी हा दुसरा धोका. शेततळ्याला अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला, की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठावर चढणे अवघड जाते. शिबिराच्या काळात प्रौढांच्या परवानगीवाचून पाण्याकडे जायचे नाही, हा नियम असावा. कोणी बुडत असेल, तर किशोरवयीन दादाने स्वतः उडी मारू नये. आरडाओरडा करावा, दोर, ट्यूब किंवा रिकामी बंद घागर फेकावी. वाचवायला गेलेलाही बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

सर्पदंशाबाबतही तेच. दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नये, कडे-अंगठी काढावी, मुलाला धीर द्यावा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावे. जखम चिरणे, रक्त चोखणे, घट्ट आवळून बांधणे आणि मांत्रिकाकडे नेणे, या चारही गोष्टी वर्ज्य. विंचू चावला तरी रुग्णालयातच न्यावे, कारण लाल विंचवाचे विष लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करू शकते. अंबाजोगाई येथे १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिबिराच्या जागेपासून जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे जायला वाहन कोणाचे, हे शिबिर सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहून भिंतीवर लावावे.

जबाबदारीची सीमारेषा

प्रशिक्षणातील सर्वांत नाजूक भाग मर्यादांचा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा (पोक्सो) १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालकच मानतो. म्हणजे सोळा वर्षांची ताईही कायद्याच्या दृष्टीने बालक आहे. तिला आठ मुले सांभाळायची आहेत, आणि तिला सांभाळण्याची जबाबदारी आयोजकांची आहे. हे विसरले गेले, की शिबिरात दोन्ही बाजूंनी धोका संभवतो.

त्यासाठी साधे नियम पुरतात. कोणीही मोठ्याने एका मुलासोबत बंद खोलीत एकटे थांबू नये. ताई-दादांनाही हा नियम लागू असावा आणि त्यांच्याबाबत प्रौढांनाही. मुलींच्या निवासाच्या ठिकाणी स्त्री कार्यकर्ती असावी. कोणत्याही मुलाला 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये. मुलाने घरातील मारहाणीबद्दल किंवा नकोशा स्पर्शाबद्दल सांगितले, तर शांतपणे ऐकावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा, खोदून खोदून विचारू नये आणि त्याच दिवशी शिबिरप्रमुखाला कळवावे. असा अपराध घडल्याचे कळल्यावर पोलिसांना माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ते काम प्रौढांनी करायचे आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक मुलांनाही ठाऊक असावा. 'हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, मोठ्यांना बोलावते' असे म्हणता येणे, हे चांगल्या ताईचे लक्षण आहे, कमीपणा नव्हे.

याच्याच जोडीला पंगतीचा प्रश्न येतो. आडनाव विचारून बसायची जागा ठरवणे, रंगावरून किंवा आई-वडिलांच्या कामावरून टोपणनाव पाडणे, या गोष्टी मुले मोठ्यांकडून शिकून येतात. गट पाडताना एका गल्लीतील मुले एकत्र ठेवू नयेत, वाढण्याचे आणि भांडी घासण्याचे काम मुलगे आणि मुली दोघांनीही पाळीपाळीने करावे. दादाने सर्वांसमोर झाडू हाती घेतला, की त्यावर वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

ती ताई होते तेव्हा

बीडमध्ये या प्रशिक्षणाचे मोल मुलींच्या बाबतीत अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील वयोगटात दर हजार मुलांमागे येथे केवळ ८०७ मुली होत्या. हंगामात मुलीला एकटे मागे ठेवायचे नाही आणि फडावरही सुरक्षितता नाही, या भीतीपोटी कित्येक आई-वडील दहावीच्या आसपासच तिचे लग्न उरकतात.

एखाद्या शिबिराने बालविवाह थांबेल, असा दावा कोणी करू नये. त्यामागे स्थलांतर, कर्ज आणि असुरक्षितता यांची मोठी साखळी आहे. पण कालपर्यंत 'अमक्याची मुलगी' एवढीच ओळख असलेली मुलगी गावाच्या शाळेच्या पटांगणात शिट्टी घेऊन उभी राहते, चाळीस मुले तिच्या एका हाकेवर गोलात येतात आणि समारोपाला तिचे आई-वडील हे पाहतात, तेव्हा तिच्याविषयीच्या बोलण्यात एक नवा शब्द येतो. ही मुलगी काही करू शकते, असे घरात प्रथमच म्हटले जाते. अकरावीच्या प्रवेशाची गोष्ट काढायला तेवढे निमित्त कधी कधी पुरते. म्हणून समारोपाचा कार्यक्रम पाहुण्यांच्या भाषणांसाठी न ठेवता, पालकांनी आपल्या मुलामुलींचे काम पाहण्यासाठी ठेवावा.

रोजची अर्धी घटका

शिबिर सुरू झाले म्हणजे प्रशिक्षण संपले, असे नाही. रोज मुले गेल्यावर किंवा झोपल्यावर ताई-दादांनी शिबिरप्रमुखासोबत अर्धा तास बसावे. आज काय साधले, कोणते मूल गप्प होते, मला कोठे राग आला, एवढेच तीन प्रश्न. कोणाला नावे ठेवायची नाहीत. यानंतर त्यांना पुरेशी झोप मिळालीच पाहिजे. थकलेला दादा चिडका होतो आणि त्याचा भार लहानांवर पडतो. त्यांना दिवसातून तासभर स्वतःसाठी खेळायला मिळावे, हेही तितकेच आवश्यक. शेवटी प्रमाणपत्र द्यावे, शक्य असेल तर थोडे मानधनही द्यावे. ज्या घरात प्रत्येक हाताच्या मजुरीचा हिशेब होतो, तेथे फुकट राबवून घेतलेल्या हातांना सेवाभावाचे नाव देणे योग्य नव्हे.

आपल्या मुलाचे नाव पुढच्या उन्हाळ्यात शिबिरात घालताना शहरी पालकांनीही आयोजकांना चार प्रश्न जरूर विचारावेत. किती मुलांमागे किती मोठी माणसे आहेत? ताई-दादांची वये काय आणि त्यांना किती दिवस प्रशिक्षण दिले? मुलाला इजा झाली तर कोठे नेणार? आणि त्या ताई-दादांकडे लक्ष कोण ठेवते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जेथे चटकन मिळते, ते शिबिर बहुधा चांगले असते.

बीडच्या गावांत तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. वयाच्या दहाव्या वर्षापासून भावंडे सांभाळणाऱ्या मुलीला इतरांची काळजी घेणे शिकवावे लागत नाही. तिचीही काळजी घेणारे कोणी आहे, हा अनुभव तिला प्रथम द्यावा लागतो. तो मिळाला, म्हणजे ती जी ताई होईल, ती आयुष्यभराची.